ग्लायडरमागची मोटार

ग्लायडरला मुळात इंजिन नसते. हवा साथ देईनाशी झाली की वैमानिक जवळचे बरे शेत पाहून उतरतो, आणि तिथून पुढचा प्रवास रस्त्यानेच करावा लागतो. कोणीतरी त्या शेतापर्यंत पोहोचायचे, पंख उतरवायचे, धड आणि पंख एका लांबट, अरुंद पेटीत सरकवायचे आणि ती चाकांवरची पेटी मोटारीला जोडून घर गाठायचे. ग्लायडिंगच्या विक्रमांच्या याद्या तारीखवार छापलेल्या मिळतात. ती विमाने ज्या मोटारींनी ओढून परत आणली त्यांची नोंद क्वचितच कुणी ठेवली. ट्रेलर ओढायला कोणती गाडी घ्यावी हा प्रश्न मात्र या खेळात सुमारे शंभर वर्षे चालत आला आहे. त्याचे उत्तर दर पिढीला बदलले, कारण ग्लायडर किती लांब जातो, किती वजनाचा आहे आणि सरकार काय ओढू देते, या तिन्ही गोष्टी बदलत गेल्या.

सुरुवातीला हा प्रश्नच नव्हता. ओटो लिलिएन्थालने १८९४ साली बर्लिनजवळ लिख्टरफेल्डे येथे मातीची टेकडी उभारली आणि तिच्यावरून तो वाऱ्यात झेप घेत असे. त्याचे नेहमीच्या वापरातले यंत्र जेमतेम २० किलो वजनाचे होते आणि त्याचे पंख मिटवता येत. उतरल्यावर ते खांद्यावर घेऊन पुन्हा टेकडी चढायची, एवढीच त्याची वाहतूक.

पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने जर्मनांच्या इंजिनाच्या विमानांवर कडक बंधने घातली आणि उडण्याची हौस असलेली तरुण मंडळी बिनइंजिनाच्या विमानांकडे वळली. ऱ्होन डोंगररांगेतल्या ९५० मीटर उंचीच्या वासरकुप्पे या माथ्यावर ओस्कार उर्झिनुसच्या पुढाकाराने १९२० साली पहिली स्पर्धा भरली. ग्लायडर आगगाडीने पायथ्याच्या गेर्सफेल्डपर्यंत येत आणि पुढची चढण जनावरांच्या जोरावर पार होई. वर माणसांच्या दोन रांगा रबरी दोर ताणून ग्लायडर हवेत सोडत. तो खाली दरीत उतरला की दोन चाकांच्या गाड्यावर ठेवून घोड्याने पुन्हा वर ओढायचा. त्या वर्षी वोल्फगांग क्लेम्पररने सुमारे १.८ किलोमीटर अंतर कापले. एवढ्या पल्ल्याला घोडा पुरेसा होता. १९२२ साली आर्थर मार्टेन्सने हॅनोव्हरच्या विद्यार्थ्यांच्या ‘व्हॅम्पायर’ ग्लायडरमधून तासाभरापेक्षा जास्त वेळ उड्डाण केले, तेही डोंगराच्या उतारावर आपटून वर उसळणाऱ्या वाऱ्यात, त्याच डोंगराच्या आसपास घिरट्या घालत. घड्याळ पुढे सरकले तरी विमान गावाबाहेर गेले नव्हते.

ते गेले १९२६च्या ऑगस्टमध्ये, तेही ठरवून नव्हे. माक्स केगेल नावाच्या वैमानिकाला वादळी ढगाने वर ओढून घेतले आणि तो वासरकुप्पेपासून ५५ किलोमीटरवर जाऊन उतरला. पुढे वर चढणाऱ्या हवेचा माग काढण्याचे उपकरण आणि कौशल्य दोन्ही आले. १९२९च्या मे महिन्यात रॉबर्ट क्रोनफेल्डने ‘वीन’ या १९ मीटर पंखविस्ताराच्या ग्लायडरमधून १०० किलोमीटरची मर्यादा ओलांडली. १९३१ साली ग्युंथर ग्रोएनहोफ म्युनिकहून निघून २७२ किलोमीटरवर, थेट चेकोस्लोव्हाकियात पोहोचला. १९३५ साली एकाच दिवशी चार वैमानिक वासरकुप्पेहून ५०० किलोमीटरपलीकडच्या ब्रनो शहरात उतरले. अवघ्या नऊ वर्षांत अंतर सुमारे नऊपट झाले. रेल्वेचे स्थानक बहुधा शेताजवळ नसे. विमानाने दोर लावून ग्लायडर परत ओढून नेण्याची युक्ती १९२७ पासून ठाऊक होती, पण उभ्या पिकात किंवा चिंचोळ्या कुरणात उतरलेल्या ग्लायडरला तिचा उपयोग नव्हता. उरली ती मोटार आणि तिच्यामागचा ट्रेलर.

ब्रिटनमध्ये हा खेळ १९३०च्या सुमारास रुजला. लंडन ग्लायडिंग क्लबने डन्स्टेबल डाउन्सच्या पायथ्याशी बस्तान बसवले. तिथल्या सभासदांपैकी बऱ्याच जणांकडे मोटारी होत्या, आणि ब्रिटिश कररचनेचा त्यांना एक नकळत फायदा झाला. १९२१ पासून मोटारीवरचा वार्षिक कर इंजिनाच्या ठोकळ अश्वशक्तीवर, म्हणजे प्रत्यक्षात सिलिंडरच्या व्यासावर आकारला जाई. साहजिकच मोठ्या इंजिनाच्या जुन्या गाड्या बाळगणे महाग आणि विकत घेणे स्वस्त होते. वर्षभर दारात उभी ठेवायला नकोशी वाटणारी अशी गाडी ट्रेलर ओढायला मात्र उत्तम होती. तेव्हाच्या मोटारींना खाली शिडीसारखी स्वतंत्र पोलादी चौकट असे. तिच्या मागच्या टोकाला लोहाराकडून आकडा बसवून घेता येई, बाकी काही फेरफार करावा लागत नसे. कमतरता होती ती ब्रेकची. ते तारा-दांड्यांवर चालणारे आणि कमजोर असत, आणि मागच्या पेटीला बहुधा स्वतःचे ब्रेक नसत. उतारावर पेटी गाडीला ढकलत नेई.

या काळातले सर्वांत प्रसिद्ध जोडपे म्हणजे फिलिप विल्स आणि त्याची पत्नी किटी. विल्सने ३० एप्रिल १९३८ रोजी लंडनजवळच्या हेस्टनहून कॉर्नवॉलमधल्या सेंट ऑस्टेलपर्यंत ३०० किलोमीटरपेक्षा जास्त उड्डाण केले. त्याचा ‘मिनिमोआ’ ग्लायडर १७ मीटर पंखविस्ताराचा, वर वाकलेल्या पंखांचा होता. दिसायला डौलदार असला तरी वाकलेला पंख पेटीत कसाही ठेवला तरी जास्तीची जागा अडवतो. किटी गाडी-ट्रेलर घेऊन नवऱ्याच्या मागे निघे. रेडिओ नव्हता. वैमानिक उतरल्यावर जवळच्या घरातून किंवा टपालघरातून ठरलेल्या ठिकाणी फोन करी आणि वाटेत थांबून तिथे चौकशी करणाऱ्या साथीदाराला तो निरोप मिळे. १९५२ साली माद्रिदला विल्स जगज्जेता झाला. ग्लायडिंगच्या पदकांवर साथीदाराचे नाव कोरायची पद्धत नाही. ती असती तर या खेळातल्या कितीतरी बायकांची नावे तिथे दिसली असती.

अमेरिकेत गोष्ट वेगळ्या वळणाने गेली. तिथे ग्लायडर हवेत चढवण्यासाठीही मोटारच वापरात होती. लांब दोर गाडीला बांधून मोकळ्या मैदानावर सुसाट पळवायची, की ग्लायडर पतंगासारखा वर जाई. एकाच गाडीने सकाळी उडवायचे आणि संध्याकाळी ओढून आणायचे. कॅलिफोर्नियातला हॉली बोलस या दोन्ही कामांत मुरलेला होता. अटलांटिक एकट्याने ओलांडणाऱ्या चार्ल्स लिंडबर्गचे ‘स्पिरिट ऑफ सेंट लुई’ विमान बांधले जात असताना तो रायन कंपनीच्या कारखान्यात त्या कामावर होता. पुढे १९३० साली त्याने लिंडबर्ग पती-पत्नींना ग्लायडिंग शिकवले. १९३४ साली याच बोलसने विमानाच्या बांधणीची रीत वापरून अॅल्युमिनियमचे पत्रे रिव्हेटने जोडलेला गोलसर राहता ट्रेलर काढला, ‘रोड चीफ’ नावाचा. धंदा फार चालला नाही, पण वॉली बायमने १९३६ साली बाजारात आणलेला ‘एअरस्ट्रीम क्लिपर’ त्याच घडणीवर उभा होता. आज अमेरिकी रस्त्यांवर चकाकणाऱ्या त्या रुपेरी घरांचे मूळ एका ग्लायडर बांधणाऱ्याच्या कारखान्यात आहे, हे तिथल्याही फार थोड्यांना ठाऊक असते.

अमेरिकी अंतरेही अवाढव्य. रिचर्ड जॉन्सन १९५१ साली टेक्सासातल्या ओडेसाहून कॅन्ससमधल्या सलायनापर्यंत ८६१ किलोमीटर उडाला. त्याच ओडेसाहून ३१ जुलै १९६४ रोजी अल पार्करने नेब्रास्कातले किंबल गाठून जगात पहिल्यांदा १००० किलोमीटरचा पल्ला पार केला. अशा दिवशी खालच्या गाडीचे कामही वरच्या विमानाइतकेच खडतर असते. ट्रेलर मागे घेऊन दिवसभर विमानाच्या मागे पळायचे, उन्हात इंजिन तापू द्यायचे नाही, आणि रात्री तेवढेच अंतर उलट कापायचे. आठ सिलिंडरचे मोठे इंजिन, लांब बांधा आणि मागे झोपायला जागा असलेली स्टेशन वॅगन, किंवा १९३५ पासून बनणारी शेव्हरोलेची सबर्बन, या गाड्या तिथे पसंत पडल्या त्यामागे थाटापेक्षा ही गरज होती. पेट्रोल स्वस्त होते, त्यामुळे त्या किती पितात हे फारसे कुणी विचारले नाही.

जर्मनीत दुसऱ्या महायुद्धानंतर ग्लायडिंगवर दोस्त राष्ट्रांची बंदी होती. ती १९५१ साली उठली. त्या वर्षांतल्या क्लबांकडे पैसा नव्हता, वेळ होता. हिवाळ्यात सभासद एकत्र येऊन प्लायवुडच्या पेट्या ठोकत. वासरकुप्पेच्या कुशीतल्या पोपेनहाउझेन गावी श्लाइखरच्या कारखान्यात बनणारा ‘का ६’ हा १५ मीटरचा लाकडी ग्लायडर रिकामा १९० किलोंच्या आसपास भरे. त्याची पेटी धरून सगळे ओझे साध्या मोटारीच्या आवाक्यातले होते, आणि साधी मोटार म्हणजे फोक्सवॅगनची बीटल. १९५४ पासून तिला ३० अश्वशक्तीचे इंजिन मिळाले. चढावर दुसऱ्या गिअरमध्ये कुंथत ती पेटी वर नेई. तिचा खरा दोष ताकदीचा नव्हता. गाडी हलकी, इंजिन मागे, त्यात पेटीच्या दांड्याचा भार मागच्या टोकावर पडला की पुढची चाके जमिनीवर सैल टेकत आणि स्टीअरिंग हलके पडे. ओल्या रस्त्यावर वळणात ते जिवावर बेतू शकते.

इथे या विषयाचे मर्म आहे. बैलगाडी हाकणाऱ्याला ते सांगावे लागत नाही: ओझे मागे जास्त झाले की गाडी उलाळ होते आणि जू वर उचलले जाते, पुढे जास्त झाले की ती धुरजड होऊन बैलांच्या मानेवर बसते. ग्लायडरच्या ट्रेलरचेही तसेच आहे, फक्त ताशी ८० किलोमीटर वेगाने उलाळ झालेली पेटी नुसती डुलत नाही, ती डावी-उजवीकडे शेपूट हाणू लागते. एक हेलकावा दुसऱ्याला वाढवतो आणि काही सेकंदांत पेटी ओढणाऱ्या गाडीलाच रस्त्याबाहेर फेकते. दांड्याच्या टोकाचा भार म्हणून फार कमी चालत नाही. पेटीच्या एकूण वजनाचा साधारण विसावा ते दहावा हिस्सा पुढे टेकला पाहिजे, आणि गाडीचा आकडा जेवढे पेलतो त्याहून तो जास्तही नको. बऱ्याच युरोपीय मोटारींत ही मर्यादा ५० ते १०० किलोंच्या दरम्यान असते.

ग्लायडरच्या पेटीत हा तोल सांभाळणे इतर ट्रेलरपेक्षा अवघड आहे. १५ मीटरच्या ग्लायडरचा एकेक पंख साडेसात मीटरच्या जवळपास, म्हणजे पेटी आठ-नऊ मीटर लांब. वजन त्या मानाने कमी, पण बाजूंच्या भिंती सपाट आणि उंच. ओलांडून जाणाऱ्या ट्रकच्या हवेचा झोत त्यांवर शिडासारखा बसतो. नव्या पेट्यांत धड शेपटीकडून आत सरकवतात, कारण पंख जोडताना धडाचा जड भाग दाराशी असावा लागतो. त्यामुळे वैमानिकाची बैठक आणि पंखांची जाड मुळे मागच्या टोकाला येतात, आणि म्हणून पेटीची चाके मध्यापासून बरीच मागे बसवतात. दांडा लांब झाला की हेलकावे लवकर विरतात, हा त्याचा आणखी एक फायदा.

ओढणाऱ्या गाडीकडून मग काय हवे असते? तिचे स्वतःचे वजन पेटीपेक्षा स्पष्टपणे जास्त असावे, मागच्या आसापासून आकड्यापर्यंतचे अंतर कमी असावे, दोन आसांमधले अंतर जास्त असावे आणि मागची स्प्रिंग भाराने बसू नये. अश्वशक्तीचा क्रम त्यानंतर लागतो. क्लबांमधल्या चर्चेत मात्र पहिला प्रश्न बहुतेक इंजिनाचाच निघतो. कमजोर इंजिनाने उशीर होतो. हलक्या गाडीने अपघात होतो. दोन्ही तोटे एका मापाने मोजणे चूक आहे.

१९५७ साली श्टुटगार्टच्या विद्यार्थी गटाचा ‘फिनिक्स’ उडाला आणि काचतंतूंच्या ग्लायडरचे युग सुरू झाले. पंख गुळगुळीत, पातळ आणि लांब होत गेले. ‘निंबस’चा पंखविस्तार २२ मीटरपर्यंत गेला, दोन आसनी ग्लायडर ४०० किलोंच्या पुढे सरकले. २५ एप्रिल १९७२ रोजी हान्स-वेर्नर ग्रोसे ल्युबेकहून निघाला आणि फ्रान्सच्या नैर्ऋत्य टोकाला बियारित्झमध्ये उतरला. सरळ रेषेत १४६० किलोमीटर! रस्त्याने ते त्याहून बरेच जास्त भरतात आणि वाटेत सरहद्दी लागतात. प्लायवुडच्या ठोकळ्यांची जागा अॅल्युमिनियम आणि काचतंतूंच्या गुळगुळीत पेट्यांनी घेतली. ‘कोब्रा’ आणि ‘कोमेट’ ही त्यातली गाजलेली नावे. त्यांचे छप्पर शिंपल्यासारखे वर उघडते आणि दोन माणसांत ग्लायडर जोडता येतो. पेटी, ग्लायडर आणि सामान मिळून एकआसनीचे ओझे आता टनाच्या जवळ आणि दोनआसनीचे त्याच्या वर गेले. गाडीने ब्रेक मारल्यावर दांडा आत दबून स्वतःचे ब्रेक लावणारी यंत्रणा अशा पेट्यांवर अटळ झाली.

या ओझ्याला साजेशा गाड्या त्याच सुमारास बाजारात होत्या. सिट्रोएनच्या १९५५च्या ‘डीएस’मध्ये आणि पुढे तिच्या स्टेशन वॅगनमध्ये तेल आणि वायूवर चालणारे सस्पेन्शन होते; मागे कितीही ओझे पडो, गाडी आपली उंची आपण सांभाळी. मर्सिडीझने १९७७ साली काढलेल्या पहिल्या स्टेशन वॅगनमध्ये मागच्या चाकांना अशीच सोय मुळातच दिली. व्होल्व्होच्या चौकोनी वॅगनी जड आणि धीम्या, पण म्हणूनच भरवशाच्या. १९७० साली आलेल्या रेंज रोव्हरने एक वेगळी अडचण सोडवली. ग्लायडर डांबरी रस्त्यावर उतरत नाही, नांगरलेल्या रानात किंवा ओल्या कुरणात उतरतो. तिथून पेटी बाहेर काढताना चारही चाकांना जोर मिळणारी गाडी सोन्यासारखी वाटते. पण अशी वेळ हंगामात थोडीच येते. एरवी पेटी बांधावरच सोडून पंख हातांनी वाहून आणता येतात, शेतकऱ्याचा ट्रॅक्टरही मदतीला येतो. केवळ चिखलासाठी उंच, अवजड जीप बाळगणे म्हणजे एखाद्या सरीसाठी वर्षभर छत्री उघडून फिरण्यासारखा उलटा हिशेब, असे जुने वॅगनवाले मानत आले, आणि महामार्गावरचा वेळ धरला तर ते बरोबरच होते.

यानंतर गाडीची निवड कागदांकडे गेली. जर्मनीत ट्रेलर ओढताना ताशी ८० किलोमीटरची मर्यादा होती. १९९८च्या अपवादाने ती महामार्गावर १०० झाली, पण अटींवर: पेटीला धक्के शोषणारे डॅम्पर हवेत, टायर सहा वर्षांपेक्षा जुने नकोत आणि पेटीचे वजन गाडीच्या रिकाम्या वजनाशी ठरावीक प्रमाणात बसले पाहिजे. अनुभवी चालक जे पूर्वीपासून पाळत होते ते आता नियमांत आले. युरोपीय कायद्याने चालकावरही बंधन आणले. ब्रिटनमध्ये १ जानेवारी १९९७ पासून साधा परवाना काढणाऱ्याला ७५० किलोंहून जड ट्रेलर ओढायचा तर गाडी व ट्रेलरचे मिळून कमाल वजन साडेतीन टनांत बसवावे लागे किंवा वेगळी परीक्षा द्यावी लागे. क्लबांत याचा विचित्र परिणाम झाला: आजोबा काहीही ओढू शकत, नातवाला मात्र मोठ्या गाडीमुळेच बंदी येई, कारण गाडी जितकी जड तितके साडेतीन टन लवकर संपत. जड गाडी सुरक्षित आणि जड गाडी बेकायदा, अशी कोंडी होती. २०१३ पासून युरोपात थोड्या प्रशिक्षणानंतर ४२५० किलोंपर्यंत सवलत मिळू लागली. ब्रिटनने डिसेंबर २०२१ मध्ये ती वेगळी परीक्षाच रद्द केली.

दरम्यान पाठलागाचे प्रसंग कमी झाले. स्पर्धा सरळ रेषेतल्या अंतराऐवजी त्रिकोणी किंवा जाऊन-येऊन मार्गांवर होऊ लागल्या, म्हणजे जिंकणारा घरीच उतरतो. बऱ्याच ग्लायडरना आता पाठीतून वर येणारे छोटे इंजिन किंवा विजेची मोटार असते. महाराष्ट्रात ज्यांनी ग्लायडर पाहिला त्यांनी तो बहुधा पुण्याजवळ हडपसरच्या शासकीय ग्लायडिंग केंद्रात पाहिला असेल. तिथे विंचने, म्हणजे दोर गुंडाळून घेणाऱ्या यंत्राने, वर चढून, शिकाऊ फेरी मारून त्याच मैदानावर उतरायचे असे, त्यामुळे ट्रेलरचा हा सगळा खटाटोप आपल्याकडे अनोळखीच राहिला. युरोपात मात्र ट्रेलर सुटलेला नाही. हँगरमध्ये जागा महाग असल्याने असंख्य ग्लायडर वर्षभर पेटीतच राहतात, आणि पर्वतांकडे किंवा स्पर्धेला जायचे तर आजही शेकडो किलोमीटर ओढावे लागते.

सध्याचा वाद विजेच्या गाड्यांचा आहे. बॅटरीमुळे त्या जड, त्यांचा भार खाली, जोर पहिल्या क्षणापासून, शिवाय हेलकावे ओळखून एकेका चाकाचा ब्रेक लावणारी यंत्रणा बऱ्याच नव्या गाड्यांत मिळते. तोलाच्या दृष्टीने यापेक्षा चांगली गाडी या खेळाला आजवर मिळाली नव्हती. पण काही विजेच्या गाड्यांना ट्रेलर ओढायची मान्यताच नसते, मान्यता असली तरी उंच पेटी मागे लागल्यावर एका चार्जचा पल्ला बराच घटतो, आणि चार्जिंगच्या बहुतेक जागी नऊ मीटरची पेटी सोडल्याशिवाय गाडी लावता येत नाही. आपल्या क्लबापासून दोनशे किलोमीटरच्या आत उतरणाऱ्याने विजेची गाडी घ्यायला हरकत नाही. आल्प्स गाठणाऱ्याला तूर्त डिझेलची वॅगनच सोयीची.